नटाबाहेरचे आटे

५ जानेवारी

खिळ्या,

पत्राच्या सुरुवातीला धाकट्याला आशीर्वाद लिहायची रीत आहे. त्या एका ओळीपायी मी तीन कागद फाडले. माझे आशीर्वाद तुला चालतील की नाही ठाऊक नाही, तेव्हा सरळ कामाचं लिहिते. आपली व्हॅन पासिंगला नापास झाली.

आधी पत्त्याचं सांगते, नाहीतर तू पाकीट उलटसुलट करत बसशील. कारखान्यातून आपल्या दुकानी काच घेऊन येणारा जो ट्रक आहे, त्याचा ड्रायव्हर मागच्या महिन्यात तुमच्या बस डेपोच्या वर्कशॉपात आला होता. परतल्यावर म्हणाला, "ताई, तिकडे एक मेकॅनिक आहे, नाक थेट तुमच्या बाबांचं. विचारलं तर म्हणतो, मला बाप नाही." मी म्हटलं, मग तोच. पत्ता आणून दे.

आता व्हॅनचं. आधीचा तपासनीस खिडकीतून हात घालून हँडब्रेकचा लिव्हर ओढायचा आणि घट्ट लागला की शिक्का मारायचा. घट्ट तर तो आहेच. यंदा नवीन बाई आल्या आहेत. त्यांनी गाडी चढावर लावायला सांगितली, गिअर काढलेला, आधाराला नुसता हँडब्रेक. मी लिव्हर ओढला. चार वेळा 'कट' वाजलं, पाचवं काही केल्या वाजेना, इतका तो दगडासारखा बसला. बाई म्हणाल्या, "आता पायब्रेकवरचा पाय काढा." काढला, आणि गाडी हळूच मागे निघाली. मी पाय परत दाबला. बाई बाजूला उभ्या होत्या, मागे कुणीही नव्हतं, तरी मला बराच वेळ खाली उतरता आलं नाही. त्यांनी पाणी आणून दिलं.

दोन महिन्यांची मुदत आहे. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीच्या केबली मिळत नाहीत, भंगारात काढा. त्याला काय जातंय सांगायला? काचेची तावदानं मी डोक्यावरून नेऊ का? व्हॅन गेली की दुकान गेलं, आणि दुकान गेलं की बाबांनी दिवसभर कशाकडे बघायचं?

बाबा बरे आहेत. कुबड्या दोन होत्या, आता एकच. टेबलाशी बसून काच कापतात, हात अजून सरळ चालतो. तुझा विषय मी कधी काढलाच, तर ते काचेला हिरा लावतात, आणि त्या करकर आवाजात कुणाला बोलता येत नाही.

सहा वर्षांत मी ही गाडी एकदाही उतारावर लावलेली नाही. सपाट जागा नसली तर दोन गल्ल्या पलीकडे लावते आणि वर मागच्या चाकाला लाकडी ठोकळा. गिऱ्हाइकं हसतात. हसू देत.

तू ये असं म्हणत नाही, तेवढं तोंड मला नाही. काय बघायचं, काय सोडवायचं, ते पत्रातून सांग. पाना धरता येतो मला, हे तुला तरी माहीत आहे. गरजेला बरी आठवण झाली, असं म्हणशील. म्हण. खरंच आहे ते.

ताई


२१ जानेवारी

खिळ्या,

तुझं कार्ड आलं. सहा वर्षांनी सख्ख्या भावाचं अक्षर, आणि त्यात पहिला शब्द काय, तर "किती कट?" नाव नाही, गाव नाही, बरी आहेस का नाही. पाच प्रश्न, आकडे घालून, शाळेच्या पेपरासारखे. मी कार्ड गल्ल्याखाली लपवलं आणि दिवसभरात सात वेळा काढून वाचलं. पाच प्रश्न तोंडपाठ झाले माझे.

उत्तरं घे.

पहिला. कट चारच. पाचवा वाजत नाही.

दुसरा. मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली लोखंडी स्टँड दिले, पुढच्या चाकांना ठोकळे लावले. (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, हे तू लिहायची गरज नव्हती. मी काय काल जन्मले?) एकेक कट ओढून चाकं हातानं फिरवली. डावं चाक चौथ्या कटाला अडतं, पण दोन्ही हातांनी जोर लावला तर फिरतं. उजवं चाक गरागरा फिरतं, हँडब्रेक नावाची वस्तू जगात आहे हे त्याच्या गावीही नाही.

तिसरा. खाली पाठीवर झोपून बॅटरीनं बघितलं. लिव्हरपासून येणारी सळई आडव्या पट्टीला जोडली आहे आणि पट्टीच्या दोन टोकांना दोन चाकांच्या दोन केबली, तू लिहिलंस तसंच. पट्टी सरळ हवी ना? ती तिरकी होऊन पत्र्याला टेकली आहे. एक खांदा पडलेल्या माणसासारखी दिसते.

चौथा. पायब्रेक चांगला आहे. एकदम लागतो.

पाचवा राहिला. लिव्हरच्या बुडाशी जो नट आहे, त्याच्यावरचं रबर काढून नटाबाहेर किती आटे दिसतात ते मोज, असं लिहिलं आहेस. ते रबर काही निघत नाही. जुनं झालंय, चिकटून बसलंय. त्याच्यावाचून अडत नसेल तर पुढचं सांग.

मी गाडीखाली होते तेव्हा बाबा दाराशी आले. मला फक्त त्यांचा एक बूट आणि कुबडीचं टोक दिसत होतं. म्हणाले, "चाकं उचलून काय बघतेस?" मी म्हटलं, "हँडब्रेक." बूट तिथेच उभा राहिला. मग म्हणाले, "कुणी सांगितलं असं बघायला?" मी म्हटलं, "आहे एक जण." ते आत गेले, पण काचेला हिरा लावला नाही.

ताई


४ फेब्रुवारी

खिळ्या,

"रबर हातानं निघतं." एवढ्या एका ओळीसाठी आख्खं कार्ड! बाकी चाकाचे ड्रम उघडायची रीत बारीक अक्षरात कोपऱ्यात कोंबलीस, आणि ही ओळ मधोमध, मोठ्या अक्षरात.

बरं. ड्रमचं आधी ऐक.

डावा ड्रम लाकडी हातोडीच्या चार फटक्यांत निघाला. उजव्यानं मात्र माझी अर्धी सकाळ खाल्ली. तू लिहिल्याप्रमाणे हँडब्रेक सोडून, गंजावर तेल मारून, चहा पिऊन परत येऊन ठोकला तेव्हा सुटला. आत बघून मला कळेना की हसू की रडू. डाव्या बाजूचे लायनर ड्रमला घासघासून पत्र्याला आले आहेत, बिचाऱ्यानं एकट्यानं दोघांचं काम केलंय. उजव्या बाजूला, लायनर झिजून ड्रमपासून लांब पडले की ते जवळ सरकवायची जी दातेरी चाकी असते, ती गंजून मुकी झाली आहे. आणि उजवी केबल तिच्या नळीतच गंजून बसली आहे. पक्कडीनं ओढली, केसभर हलली नाही.

तुझं म्हणणं बरोबर होतं. लिव्हर घट्ट लागत होता तो या गंजलेल्या केबलीमुळे. ओढणाऱ्याला वाटावं ब्रेक बसला, आणि चाकाला पत्ताच नाही. असा लिव्हर हातात आला तर कुणीही फसेल. तूही. मीही. कुणीही.

हे एकच मी फिरून फिरून लिहिते आहे. तुझ्या लक्षात आलं असेलच.

आणि तू सारखा त्या नटापाशी का जातोस रे? केबल गंजली, चाकी गंजली, लायनर झिजले, एवढं सगळं सापडल्यावर नटाचे आटे मोजून काय मिळणार आहे? तुझा हा पीळ काही जायचा नाही. लहानपणी दातात अडकलेला कण जिभेला सापडेपर्यंत झोपायचा नाहीस, तसाच आहेस अजून.

मी रागावले आहे. तुझ्यावर नाही. हात काळे आहेत, कागदावर डाग पडलेत, माफ कर.

ताई


६ फेब्रुवारी

खिळ्या,

परवाचं पत्र पेटीत टाकून आले आणि तिथंच पायरीवर बसले. पेटीत हात घालून ते परत काढावंसं वाटत होतं.

रबर हातानं निघतं. मला सहा वर्षांपासून माहीत आहे.

अकरा. नटाबाहेर अकरा आटे आहेत. पूर्वी दोन होते, हे तुला माहीत आहे, कारण गाडी घेतली तेव्हा तूच बसवली होतीस ती सळई. नऊ आटे मी आवळले. शाळेत काच द्यायची होती त्याच्या आदल्या दुपारी.

तुला आठवतंय, लिव्हर तेव्हा फार वर यायचा. आठ कट, नऊ कट. बाबांचा खांदा दुखायचा ओढताना. तू म्हणाला होतास, दुखणं ड्रममध्ये आहे, मला अर्धा दिवस द्या, उघडून बघतो. अर्धा दिवस आम्ही दिला नाही. शाळेची चौदा तावदानं दुसऱ्या दिवशी सकाळी पोचवायची होती. तू दुपारी काच आणायला गेलास आणि मी पाना घेतला, रबर काढलं, नट आवळत गेले, लिव्हर चार कटांवर आला. पाच मिनिटांचं काम. मला वाटलं, बघा, याला अर्धा दिवस लागणार होता. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात ते हेच. कुणी सांगितलं, कशासाठी सांगितलं, ते सोड. पाना माझ्या हातात होता. आणि तुला मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू त्या चार कटांवर विसंबला नसतास. तुला वाटलं, लिव्हर चौथ्या कटाला घट्ट होतोय म्हणजे कुणीतरी ड्रम उघडून नीट काम केलंय.

आता त्या सकाळचं. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

शाळेच्या चढावर तू गाडी लावलीस. आपला सेल्फ तेव्हा कुरकुर करायचा, एकदा इंजिन बंद केलं की परत सुरू होईल याची खात्री नाही, म्हणून काच उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवायची, गिअर काढलेला, आणि नुसत्या हँडब्रेकवर गाडी उभी, ही आपली घरची रीत. गाडीला गिअरमध्ये ठेवणारा किंवा चाकाखाली ठोकळा लावणारा आपल्या घरात भित्रा ठरायचा. तू फाटक उघडायला आत गेलास. मी फूटपाथवर माप लिहिलेला कागद शोधत होते. बाबा मागचं दार उघडून पहिलं तावदान खेचत होते. काच फुटल्याचा आवाज आला, मग बाबांचा.

मी आधी पोचले. गाडी त्यांना शाळेच्या भिंतीशी दाबून उभी होती. मी पुढे धावले, आत चढले. लिव्हर वर होता, खिळ्या. पूर्ण वर. चार कट. तू ओढला होतास.

गाडी पुढे घ्यायला मला तो खाली करावाच लागला. गिअर टाकला, गाडी हातभर पुढे काढली, गिअरमध्येच बंद केली आणि उतरून बाबांकडे पळाले. तेवढं मी चुकीचं केलं नाही. पण मग माणसं जमली, शाळेच्या वॉचमननं गाडीत डोकावून बघितलं आणि ओरडला, "अहो, हँडब्रेक लावलाच नाही यानं!" सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू म्हणालास, "मी ओढला होता." आणि तू माझ्याकडे बघितलंस.

मी बाबांच्या पायाला ओढणी बांधत होते. मी मान वर केली नाही.

त्या वेळी तर मी घाबरले होते असं म्हणता येईल. पण पुढचे अकरा दिवस, तू निघून जाईपर्यंत? हॉस्पिटलच्या जिन्यात तू मला विचारलंस, "ताई, तू आधी चढलीस ना आत? लिव्हर कुठं होता?" आणि मी म्हणाले, "मला आठवत नाही." मूग गिळून बसण्याला निदान गप्प राहणं म्हणतात. हे तर सरळ खोटं होतं.

का, ते सांगते. पटणार नाही, तरी सांगते. तुला तुझा पहिला पाना वाढदिवसाला मिळाला होता. मला तो हातात घ्यायला नऊ वर्षं लागली. "मुलगी आहे, काच पुसेल, हिशेब लिहील," असं म्हणत सगळ्यांनी मला दाराशी उभं केलं होतं. मी आवळलेल्या नटानं बाबांचा पाय गेला, हे कळलं असतं तर त्या दाराच्या आत मला कुणी परत येऊ दिलं नसतं. मला वाटलं, तू मुलगा आहेस, तुझं काय, चार दिवस बोलणी खाशील आणि विसरतील सगळे. तू निघून जाशील असं मला वाटलं नव्हतं.

तू गेल्यावर दुकान माझं झालं. हवं होतं तसंच. बाराव्या दिवसापासून मी शटर उघडते आहे.

आटे मोज म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं ना? लिव्हर घट्ट आणि गाडी घरंगळते, एवढं वाचूनच तुला कळलं असणार की नट कुणीतरी आवळलाय. तू फक्त माझ्याकडून आकडा मागत होतास.

अकरा.

बाबांना अजून सांगितलेलं नाही. सांगणार आहे. आधी तुला सांगायचं होतं. यानंतर तू कार्ड पाठवलं नाहीस तर मी समजेन, आणि गाडी भंगारात जाईल, आणि ते योग्यच होईल.

ताई


२ मार्च

खिळ्या,

अठरा दिवस पोस्टमनची वाट बघितली. तो रोज म्हणायचा, "नाही ताई." शेवटी शेवटी तो समोरच्या फूटपाथवरूनच मान हलवून जायला लागला.

मग पार्सल आलं. दोन केबली, जुन्या पण साफ केलेल्या, तेलात भिजवलेल्या. चार लायनर, दोन दातेरी चाक्या, स्प्रिंगांची पुडी. कुठल्या मोडीत निघालेल्या व्हॅनमधून काढलंस हे सगळं? पुडीवर चिठ्ठी: "आधी ड्रम, मग केबल. उलट करू नकोस." पत्रात मी जे लिहिलं त्याबद्दल एक अक्षर नाही. मी चिठ्ठी उलटून बघितली, पुडी उलटून बघितली, खोकंसुद्धा फाडून बघितलं. नाही.

मी तुझ्या चिठ्ठीबरहुकूम केलं. नट पार सैल सोडला, केबली ढिल्या. दोन्ही ड्रम आतून घासले, लायनर बसवले, चाक्या फिरवून लायनर ड्रमला निसटते लागतील असे आणले, चाक फिरवल्यावर बारीक खरखर येईल इतके. मग तू पाठवलेल्या केबली. आणि सगळ्यात शेवटी नट. पाचव्या कटाला दोन्ही चाकं एकदम धरली. आडवी पट्टी सरळ झाली. नटाबाहेर आता दोन आटे आहेत.

रबर बसवलं नाही अजून. उघडं ठेवून बाबांसमोर गेले.

ते स्टुलावर बसून खिडकीच्या चौकटीला लावायची लांबी मळत होते. मी सगळं सांगितलं, तुला लिहिलं त्याच क्रमानं. नट, लिव्हर, वॉचमन, जिना. शेवटापर्यंत गेले. ते लांबीचा गोळा मळतच राहिले. गोळा मऊ होऊन गेला तरी मळत होते.

मग म्हणाले, "चार."

"काय चार?"

"चार कट. मी मागे काच धरून उभा होतो. त्यानं ओढला तेव्हा वाजले ते. ऐकले मी."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणताहेत. मग कळलं, आणि खिळ्या, मला इतका राग आला की मी पाना खाली आपटला. म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं? सहा वर्षं? तो 'मी ओढला होता' म्हणून ओरडत होता आणि तुम्ही हॉस्पिटलात भिंतीकडे तोंड करून पडलात?"

"नट आवळ असं तुला कोण म्हणालं होतं?"

मी पाना उचलला. तुलाही हे लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं तर मी माझं ओझं त्यांच्यावर टाकतेय असं झालं असतं.

"मी म्हणालो," ते म्हणाले. "कशाला ड्रम उघडत बसता, दोन आटे आवळ, असं मी म्हणालो होतो. काच खाली आली, गाडी अंगावर आली, तेव्हाच मला कळलं कुठं चुकलं ते. मग कुठल्या तोंडानं सांगणार? तो येऊन उशाशी बसायचा. मला वाटायचं, हा विचारेल, मग सांगू."

"आणि त्याला वाटलं तुम्ही त्याचं तोंड बघायला तयार नाही."

"हो."

"तुम्ही गप्प का बसलात, बाबा?"

"तू का बसलीस?" ते म्हणाले. आवाज चढवून नाही. खरंच विचारत होते.

आम्ही दोघं एका ताटलीतून सहा वर्षं जेवलो, खिळ्या. एकमेकांना पाणी दिलं, औषधं दिली. मला वाटायचं, यांना कळू नये. त्यांना वाटायचं, हिला आठवू नये. आणि दोघांच्या मधला पाट रिकामा. बाबा रडले. आई गेली तेव्हाही मी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं. हात लांबीनं बरबटलेले, डोळे पुसता येईनात. मी माझ्या ओढणीनं पुसले, ती ग्रीसनं भरलेली. दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

काल पासिंग होतं. बाबा म्हणाले, मीही येतो. सहा वर्षांत ते या गाडीत बसले नव्हते. तपासनीस बाईंनी चढावर लावायला सांगितली, मी पाच कट ओढले, पाय काढला. गाडी जागची हलली नाही. बाईंनी मागून दोन्ही हातांनी ढकलूनही बघितली. शिक्का मारताना म्हणाल्या, "कुठल्या गॅरेजमध्ये केलंत?" मी म्हटलं, "भावानं केलं."

परत येताना बाबा म्हणाले, "शाळेकडून घे."

त्या गल्लीत मी सहा वर्षं गेले नव्हते. भिंतीला रंग दिलाय. वॉचमन तोच आहे, केस पांढरे झालेत. बाबा म्हणाले, "लाव इथं. त्या दिवसासारखी."

इंजिन चालू, गिअर काढलेला, नुसता हँडब्रेक. कट मी मोजले, आणि शेजारी बाबांचे ओठ हलत होते. मग ते दार उघडून उतरले. मला वाटलं वॉचमनशी बोलायला चाललेत. आरशात बघते तर कुबडी टेकत टेकत गाडीच्या मागे जाऊन उभे राहिले. भिंत आणि गाडी यांच्यामध्ये. तिथंच.

मी किंचाळले. "बाबा, बाजूला व्हा!" पायब्रेक इतका दाबला की पोटरीत गोळा आला.

"पाय काढ," ते म्हणाले.

"नाही काढणार."

"त्यानं सांगितलंय तसं केलंयस ना?"

"हो."

"सगळं?"

"आधी ड्रम, मग केबल."

"मग काढ पाय."

मी काढला. डोळे मिटले होते, ते उघडायला किती वेळ गेला सांगता येत नाही. वॉचमन धावत आला, "अहो काका, काय चाललंय हे?" मी खिडकीतून तोंड बाहेर काढलं आणि जे सहा वर्षांपूर्वी सांगायचं होतं ते त्याला सांगितलं. "त्या दिवशी हँडब्रेक लावलेला होता. माझ्या भावानं लावला होता. तुम्ही बघितलात तेव्हा खाली होता, कारण गाडी पुढे घ्यायला मी काढला होता." तो म्हणाला, "आणि मी साऱ्या गावाला सांगत फिरलो." मी म्हटलं, "आता हे सांगत फिरा."

बाबा अजून मागेच उभे होते. एक हात गाडीच्या दारावर ठेवला होता, टेकायला नाही, नुसताच. इंजिन चालू होतं, सगळी गाडी थरथरत होती आणि चाकं जागच्या जागी होती.

आज मी हे पत्र लिहायला बसले. बाबा समोर येऊन बसले. म्हणाले, "त्यालाच ना?" मी म्हटलं, हो, तुम्हाला काही लिहायचंय? पेन पुढे केलं. त्यांनी घेतलं, कागदावर टेकवलं, परत माझ्या हातात दिलं.

"तूच लिही. मी गाडीच्या मागे उभा राहिलो म्हणावं."

"आणखी?"

"एवढंच. मेकॅनिक आहे तो, त्याला कळेल."

तुझी ताई